तापल्या पाण्यातला मासा

१८५४ सालची गोष्ट. अमेरिकेत ‘बाल्टिमोर अँड ओहायो’ नावाची रेल्वे नुकतीच ॲलेघेनी पर्वत ओलांडून पश्चिमेला ओहायो नदीकाठच्या व्हीलिंग या गावापर्यंत पोचली होती. वाफेच्या इंजिनाला लागूनच पाण्याची मोठी टाकी असे, हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना सांगायला नको. त्या टाकीच्या तोंडात एक भोकं पाडलेला पत्र्याचा डबा अडकवलेला होता आणि डब्यात जिवंत मासे होते. इंजिन पाणी भरायला थांबलं की माशांनाही ताजं पाणी मिळे. हा खटाटोप करणारे गृहस्थ होते जनरल विल्यम श्रायव्हर. डोंगर ओलांडून गाडी कंबरलंडला आली, तिथं त्यांनी ते लहान लहान मासे कालव्याच्या पाण्यात सोडले. कालव्यातून ते पोटोमॅक नदीत गेले. राजधानी वॉशिंग्टनच्या अंगावरून वाहणारी हीच ती नदी. तिच्यात हा मासा त्याआधी नव्हता. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत नदी त्यानं भरून गेली.

या माशाचं नाव बास. आता नावावरून घोटाळा व्हायला नको. शहरातल्या हॉटेलांत हल्ली ‘सी-बास’ म्हणून जो मासा ताटात येतो, तो बहुतेक वेळा आपला जिताडाच असतो. त्याचा आणि या अमेरिकी बासचा काही संबंध नाही. हा गोड्या पाण्यातला मासा. त्याच्या दोन मुख्य जाती. एक स्मॉलमाउथ, म्हणजे लहान तोंडाचा. त्याला खडकाळ, वाहती नदी आवडते. दुसरा लार्जमाउथ, मोठ्या तोंडाचा. तो तळ्यांत, दलदलीत, पाणवेलींच्या आडोशाला राहतो. लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०२ मध्ये या माशाला ‘मायक्रॉप्टेरस’ असं नाव दिलं. त्याचा अर्थ लहान पराचा. खरं तर त्याच्यासमोर आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता आणि तुटलेला तुकडा हाच त्याला स्वतंत्र छोटा पर वाटला! चूक पुढं कळली, पण शास्त्राच्या नियमानुसार पहिलं नाव कायम राहिलं. एका फाटक्या पराचं नाव या माशाच्या कपाळी आजतागायत आहे.

या माशाची गोष्ट सांगायची ती एका खास कारणासाठी. मासा गळानं धरण्याचा जो सर्वांत खानदानी प्रकार समजला जातो, त्या ‘फ्लाय फिशिंग’चं दार सामान्य माणसासाठी या माशानं उघडलं, आणि ते उघडलं उन्हाळ्यानं. उन्हाळ्याची ही गोष्ट नीट कळायला आधी फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते पाहू.

फ्लाय म्हणजे माशी. मासा धरायला माशी! पण ही माशी खरी नसते. गळावर पिसं, लोकर, केस दोऱ्यानं बांधून किडा किंवा माशी असल्याचा भास निर्माण करायचा. आपल्याकडे कोकणात गरीला कोलंबी किंवा गांडूळ लावतात, नदीकाठी पोरं कणकेची गोळी लावतात. ते आमिष खाण्याजोगं असतं. फ्लायमध्ये खाण्याजोगं काही नसतं, सगळी फसवणूक नजरेची. आणखी एक फरक आहे. साध्या गळाला वजन बांधून तो लांब फेकता येतो. पिसाच्या माशीला वजनच नाही, ती फेकणार कशी? म्हणून इथं दोरीच जड ठेवतात. लवचीक काठीनं ती दोरी हवेत मागे-पुढे झुलवायची आणि मग पाण्यावर अलगद उलगडायची. दोरीच्या टोकाला असलेली माशी तिच्याबरोबर जाते. ज्याला हे जमतं त्याच्याकडे बघत राहावं.

ही युक्ती फार जुनी. इसवी सन २००च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या लोकांचं वर्णन केलं आहे. ते गळाला लाल लोकर आणि कोंबड्याच्या गळ्याखालची पिसं बांधून ठिपक्यांचे मासे धरीत. इंग्लंडमध्ये १४९६ साली गळाच्या मासेमारीवर छापील पुस्तक निघालं, त्यात माश्या कशा बांधाव्यात याची यादी होती. १६५३ साली आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँग्लर’ आलं आणि ते आजही वाचलं जातं. एकोणिसाव्या शतकात मात्र या छंदाला इंग्लंडात मोठेपणाची झूल चढली. दक्षिण इंग्लंडातल्या नितळ, गार झऱ्यांचे काठ जमीनदारांच्या आणि क्लबांच्या मालकीचे. तिथं मासा एकच, ट्राउट. माशी कशी बांधावी, पाण्यावर ती कशी तरंगावी, प्रवाहाच्या कोणत्या बाजूनं फेकावी, सगळ्याचे नियम झाले. हेच वारं अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेलं. तिथंही सभ्य गृहस्थानं ट्राउट धरावा, बाकीचे मासे इतरेजनांसाठी, अशी समजूत रुजली.

पण ट्राउटची एक अडचण आहे. त्याला गारवा लागतो. पाणी वीस अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो कासावीस होतो. अमेरिकेच्या दक्षिणेत आणि मध्य भागात जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या विदर्भाची आठवण यावी असा उकाडा असतो, वर घामाची चिकचिक. तिथल्या नद्या आणि तळी कोमट होतात. अशा पाण्यात ट्राउट जगत नाही. बास मात्र जगतो. पंचवीस-सत्तावीस अंशांचं पाणी त्याला चांगलं मानवतं. शेतातल्या तळ्यात, गावाशेजारच्या ओढ्यात, गिरणीच्या बंधाऱ्यामागे तो असतोच. ट्राउटसाठी डोंगरात जायला पैसा आणि सुट्टी लागे. बाससाठी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर घरामागच्या पाण्यावर गेलं तरी पुरे.

या माशाला माशीसारख्या वस्तूनं भुलवायची कला अमेरिकेत फार आधीपासून होती. विल्यम बार्ट्रम हा वनस्पतींचा अभ्यासक १७७०च्या दशकात फ्लोरिडात हिंडला. १७९१ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात ती दिसते. लहानशा होडीत दोघं बसत. एक मागे वल्हं मारी, दुसऱ्याच्या हातात दहा-बारा फुटांची काठी. काठीच्या टोकाला जेमतेम वीतभर-दोन वीत दोरी आणि तिला पाठीला पाठ लावून बांधलेले तीन मोठे गळ. त्यांवर हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, लाल पट्ट्याच्या चिंध्या आणि रंगीबेरंगी पिसं असा मुठीएवढा गोंडा. हा गोंडा पाणवनस्पतींच्या कडेनं पाण्यावर नुसता नाचवायचा. मासा झेप घेऊन तो गिळायला येई. आमिष असं काहीच नाही. म्हणजे इंग्लंडातले क्लब आपले नियम ठरवायच्या कितीतरी आधी तिकडच्या दलदलीत हे चाललेलं होतं. पण ते होतं पोटासाठी, आणि पोटासाठी केलेल्या गोष्टीला छंदाच्या इतिहासात लवकर जागा मिळत नाही.

बासला ती जागा मिळवून दिली एका डॉक्टरनं. जेम्स हेन्शल हे त्यांचं नाव. जन्म १८३६चा, बाल्टिमोरचा. त्यांनी केंटकीत आणि विस्कॉन्सिनमध्ये डॉक्टरकी केली, पण जीव रमला तो नदीवर. १८८१ साली त्यांनी सिनसिनाटीहून ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ प्रसिद्ध केलं. माशाच्या जाती, त्याच्या सवयी, काठ्या, दोऱ्या, माश्या असं सगळं शास्त्र त्यांनी त्यात मांडलं. पण पुस्तकाचा खरा आवाज वकिलाचा आहे. झुंजीत हा मासा कुणाला हार जाणार नाही, ट्राउट आणि सामन यांच्या पंगतीला बसण्याचा त्याला पुरता हक्क आहे, असा त्यांचा दावा होता. देश बदलतोय, जंगलं तुटताहेत, झरे आटताहेत, ट्राउटचं पाणी कमी होत जाणार आणि मग सामान्य माणसाच्या वाट्याला येणार तो बासच, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढं हे डॉक्टर सरकारच्या मत्स्यपैदास केंद्रांचे प्रमुख झाले. १९२५ साली ते वारले, तेव्हा त्यांचं म्हणणं अमेरिकेनं मान्य केलेलं होतं.

तरी एक प्रश्न उरलाच होता. ट्राउटसाठी बांधलेली नाजूक, डासाएवढी माशी बासच्या खिजगणतीत नसे. मोठ्या तोंडाच्या माशाला घसघशीत घास लागतो. बरं, उन्हाळ्यात तो भेटणार कधी? इथं थोडं शास्त्र सांगायला हवं. पाणी जितकं तापतं तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे अकरा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच. म्हणजे एक तृतीयांश घट. आणि मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी तापलं की त्याच्या शरीराचा कारभार जोरात चालतो, त्याला भूक जास्त लागते आणि प्राणवायूही जास्त लागतो. आवक कमी आणि खर्च जास्त, असा हा संसार. खोल तळ्यात तर आणखी एक गंमत होते. वर गरम पाण्याचा थर, खाली गार पाण्याचा, आणि दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या गार पाण्यातला प्राणवायू हळूहळू संपून जातो. मग माशानं जायचं कुठं? तो दुपारी झाडाच्या सावलीला, बुडालेल्या ओंडक्याखाली, नाहीतर प्रवाहाच्या फेसाळ पाण्यात गप्प पडून राहतो. ऊन कलल्यावर मात्र बाहेर येतो. त्याच वेळी पाण्यावर चतुर, भुंगे, पतंग उतरतात, काठाशी बेडूक उड्या मारतात. भुकेला मासा आणि पाण्यावर वाढलेलं ताट, ही उन्हाळी तिन्हीसांजेची वेळ.

हे ज्यांनी नीट पाहिलं, त्यांनी माशीचं रूप बदललं. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट पेकिनपॉ यांचं नाव यात पहिलं घेतात. अंधार पडल्यावर बास पाण्याच्या अगदी वरच्या पृष्ठभागावर खातो, हे त्यांनी हेरलं. पण केसांची माशी भिजून बुडे. मग त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गळावर बुचाचा तुकडा बसवला. साध्या बाटलीच्या बुचाचाच तो प्रकार. माशी तरंगू लागली. पुढं तिचं तोंड सपाट किंवा खोलगट करण्याची युक्ती निघाली. दोरीला हलका झटका दिला की तोंडाशी पाणी ‘डुबुक’ असं वाजतं, जणू बेडूक उडी मारतोय. तिला तिकडे ‘पॉपर’ म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातल्या ओल्ड फोर्ज गावी ओर्ली टटल यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात हरणाच्या केसांचा भुंगा बांधला. हरणाचा केस आतून पोकळ असतो, म्हणून तो तरंगतो. बूच, केस, थोडा रंग आणि दोरा. घरच्या टेबलावर बसून कुणालाही करता येईल अशी ही वस्तू. इंग्लंडच्या क्लबांतल्या नियमांची इथं गरजच राहिली नाही.

या बुचाच्या किड्यांचा मोठा प्रचारक होता शिकागोचा विल डिल्ग. हा जाहिरातीच्या धंद्यातला माणूस. उन्हाळा आला की मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यात बास धरायला जाई आणि त्यावर मासिकांत लिही. त्याच्यामुळे या गोष्टीला वेगळं वळण लागलं. मिसिसिपीच्या दोन्ही काठांना मैलोन्‌मैल पाणथळ जमीन आहे. वसंतातल्या पुरात ती भरते, मासे तिथं अंडी घालतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पिल्लं डबक्यांत अडकतात आणि डबकी तापून आटत जातात. सरकारी मत्स्यखात्याची माणसं जाळी घेऊन ही पिल्लं उचलत आणि नदीत सोडत, वर्षानुवर्षं. अशातच १९२३ च्या सुमारास यातली विनेशिक ही मोठी पाणथळ निचरा करून शेतीखाली आणायचा बेत पुढं आला. डिल्ग पेटून उठला. १९२२ मध्येच त्यानं शिकागोत आणखी त्रेपन्न शौकिनांना घेऊन ‘आयझॅक वॉल्टन लीग’ ही संघटना काढली होती. तिच्या जोरावर त्यानं वॉशिंग्टनमध्ये मोहीम चालवली. ७ जून १९२४ रोजी अध्यक्ष कूलिज यांनी कायद्यावर सही केली आणि मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यात अडीचशेहून अधिक मैल लांबीचं वन्यजीव आणि मत्स्य अभयारण्य उभं राहिलं. ते आजही आहे. दोन वर्षांनी, १९२६ मध्ये, राज्याचा कायदा मोडून धरलेला बास दुसऱ्या राज्यात नेऊन विकायला बंदी करणारा केंद्रीय कायदा झाला. त्याचं नावच ‘ब्लॅक बास ॲक्ट’. एखाद्या माशाच्या नावानं देशाचा कायदा व्हावा, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या काठ्या आल्या, नायलॉनची दोरी आली, प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या तरंगत्या दोऱ्या आल्या. वेळूच्या पट्ट्या जोडून केलेली महागडी काठी आता लागेना. याच काळातला एक प्रसंग आहे. १९४७ साली मेरीलँडच्या लेफ्टी क्रे नावाच्या तरुणानं जो ब्रूक्स या लेखकाला पोटोमॅकवर मासेमारीला नेलं. क्रे बावीस वर्षांचा, युरोपातल्या रणांगणावरून परत आलेला. ब्रूक्सचं बाससाठीच्या पॉपरवरचं पुस्तक त्याच वर्षी निघालेलं. हार्पर्स फेरीजवळ, जिथं शेनंडोआ नदी पोटोमॅकला मिळते, तिथं पंखवाल्या मुंग्यांचा थवा नदी ओलांडत होता. पाण्यावर पडणाऱ्या मुंग्या खायला मासे वर येत होते आणि जागोजाग पाण्यावर वर्तुळं उठत होती. ब्रूक्सनं माशी बरोबर एका वर्तुळात टाकली, मासा लागला. दुसऱ्या वर्तुळात टाकली, पुन्हा लागला. क्रे थक्क झाला आणि लगेच फ्लायची काठी घेऊन शिकायला लागला. पुढची सत्तर वर्षं, २०१८ मध्ये वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत, त्यानं हजारो लोकांना ही कला शिकवली. त्याच्या एका माशीचं चित्र १९९१ मध्ये अमेरिकी टपाल तिकिटावर आलं. त्या दिवशी वर्तुळं उठवणारे मासे कुठून आले होते? पोटोमॅकमध्ये बास मुळात नव्हताच. इंजिनाच्या टाकीतून आलेल्या माशांचीच ती पुढची वंशावळ होती.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पण तिला दुसरी बाजूही आहे. जो मासा कोमट पाण्यात तगतो, प्रवासात तगतो, जे मिळेल ते खातो, तो नव्या पाण्यात गेला की तिथल्या लहान माशांचं काय होतं? एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. जिथं पाणी तिथं चांगला मासा सोडावा, हे पुण्यकर्म समजलं जाई. १८७३च्या जूनमध्ये लिव्हिंगस्टन स्टोन हे अधिकारी माशांनी भरलेला खास डबा रेल्वेला जोडून पूर्वेकडून कॅलिफोर्नियाला निघाले. वाटेत नेब्रास्कात पूल कोसळला आणि बाससह सगळे मासे एल्कहॉर्न नदीत पडले. पुढच्याच वर्षी स्टोन पुन्हा निघाले आणि बास प्रशांत महासागराच्या काठच्या राज्यात पोचला. पुढं तो देशाबाहेर पडला.

१९२५ मध्ये तेत्सुमा आकाबोशी या जपानी व्यावसायिकानं लार्जमाउथ बास अमेरिकेतून आणून हाकोने डोंगरातल्या आशी सरोवरात सोडला. परवानगी घेऊन सोडला, आणि सरोवर बंदिस्त होतं. पण १९७०च्या दशकात जपानात बास धरण्याचं वेड आलं आणि मासा एका तळ्यातून दुसऱ्यात गेला. जपानच्या सर्वांत मोठ्या बिवा सरोवरात तो १९७४ मध्ये आढळला. बिवा हे जगातल्या अतिप्राचीन सरोवरांपैकी एक. दुसरीकडे कुठंच नसलेले मासे तिथं आहेत, त्यांवर गदा आली. मध्य अमेरिकेत ग्वाटेमालाच्या अतित्लान सरोवरात १९५८ ते १९६०च्या सुमारास पर्यटकांच्या करमणुकीसाठी बास सोडला. तिथं एक मोठी पाणडुबी होती, जगात फक्त त्याच सरोवरात राहणारी. बासनं तिचं अन्न असलेले छोटे मासे आणि खेकडे फस्त केले. काठचं बोरू तोडलं गेलं, भूकंपानं पाणी खाली गेलं, अशी इतर कारणंही होती. पण १९९० येता येता तो पक्षी पृथ्वीवरून नाहीसा झाला.

बासचा एक चुलत भाऊ आहे, ब्लूगिल. १९६० साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो शिकागोला गेले, तेव्हा तिथल्या महापौरांनी त्यांना हे मासे भेट दिले. खाण्यासाठी त्यांची पैदास होईल, या आशेनं त्यांनी ते मायदेशी आणून संशोधन केंद्राला दिले. तेही बिवात पसरले. २००७ मध्ये सम्राट असलेल्या अकिहितोंनी बिवाकाठच्या समारंभात जाहीरपणे याबद्दल मनाला वेदना होत असल्याचं सांगितलं. हे सम्राट स्वतः माशांचे अभ्यासक होते, म्हणून त्या शब्दांना वजन आहे.

आता दोन देशांतला फरक बघा. अमेरिकेत रे स्कॉट या विमा एजंटानं १९६७ पासून बास धरण्याच्या मोठ्या स्पर्धा सुरू केल्या. धरणांच्या जलाशयांमुळे दक्षिणेत बास उदंड झाला होता. ढिगानं मेलेले मासे पाहून लोक कुरकुरू लागले, तेव्हा १९७२ मध्ये स्कॉटनं ट्राउटवाल्यांची रीत उचलली. मासा मारायचा नाही, तोलायचा आणि जिवंत सोडायचा. आज तिकडे धरलेला बास परत सोडणं हे सज्जनपणाचं लक्षण मानतात. आणि जपानात बिवाकाठच्या शिगा प्रांतानं २००३ पासून नियम केला आहे की धरलेला बास परत पाण्यात सोडायचा नाही. एकाच माशाला सोडणं एका देशात पुण्य आणि दुसऱ्या देशात गुन्हा. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. कारण प्रश्न माशाचा नाहीच, पाणी कुणाचं हा आहे.

हे सगळं दूरदेशीचं आहे असं समजायचं कारण नाही. आपल्या पुण्याशेजारच्या मुळा-मुठेतल्या महसीर माशाचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं. त्याच्या नावातला ‘खुद्री’ हा शब्द तेव्हापासून शास्त्रात आहे. हा निळसर परांचा महसीर कमी होत चालला, म्हणून लोणावळ्याला वळवण तलावाकाठी त्याची पैदास सुरू झाली. ते काम मोलाचं आहे, लाखो पिल्लं तिथं वाढली. पण त्यातली काही देशभरच्या नद्यांबरोबर कावेरीतही सोडली गेली. कावेरीत स्वतःचा वेगळा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसिरांपैकी एक. पाहुण्यानं पाय पसरले आणि घरचा मागे पडला. त्या कावेरीच्या महसिराचं शास्त्रीय नाव पक्कं ठरलं २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असल्याची नोंद झाली. दोन्ही मासे भारतीय, दोन्ही महसीर, हेतूही चांगला. तरीही असं झालं. उजनीच्या पाण्यात आज जाळ्यात भरून येणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली.

आणि ज्या पोटोमॅकपासून आपण निघालो, तिथं काय चाललंय? २००३ मध्ये तिच्या दक्षिणेकडच्या शाखेत संशोधकांना असे नर बास सापडले की ज्यांच्या वृषणात अपक्व अंडी होती. शेतातून, सांडपाण्यातून येणारी रसायनं याच्यामागे असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे. शेजारच्या सस्क्वेहाना नदीत २००५च्या उन्हाळ्यात बासची पिल्लं मोठ्या संख्येनं रोगानं मेली. पाणी कमी होतं आणि तापलेलं होतं. ज्या माशाची ख्याती उष्णतेत तगणारा म्हणून, त्याचीही सहनशक्ती अमर्याद नाही. पाणी नुसतं गरम असतं तर त्यानं निभावलं असतं. गरम, उथळ आणि घाण, असं तिन्ही एकदम आलं की बाससुद्धा हरतो.

ही धोक्याची सूचना पहिल्यांदा दिली ती बऱ्याच वेळा याच छंदिष्टांनी. कारण रोज संध्याकाळी नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहणारा माणूस नदीची नाडी ओळखतो. यंदा पतंग कमी उतरले, माशांच्या अंगावर फोड दिसताहेत, पाण्याला वास येतोय, हे त्याला सरकारी अहवालाच्या आधी कळतं. त्यांच्या वागण्यातही बदल झाला आहे. जाणता शौकीन हल्ली काठीबरोबर तापमापक बाळगतो. पाणी फार तापलं असेल तर काठी गुंडाळून घरी जातो. मासा लागलाच तर त्याला दमवत बसत नाही, झटकन जवळ घेतो, शक्यतो पाण्याबाहेर न काढता गळ सोडवतो. कारण दमलेल्या माशाला हवा असलेला प्राणवायू त्या कोमट पाण्यात कमी असतो. तो डोळ्यांदेखत पोहत गेला तरी तासाभरानं मरू शकतो.

दीडशे वर्षांत या छंदानं माणसाला काय शिकवलं, याचा हिशेब मांडायचा तर तो असा मांडता येईल. आधी माणूस मासा हवा तिथं नेऊन सोडायला शिकला. मग धरलेला मासा सोडून द्यायला शिकला. मग काही ठिकाणी तो सोडायचा नाही, हे शिकला. आणि आता, पाणी तापत असताना, काही दिवशी गळच टाकायचा नाही, हे शिकतो आहे. यातली पहिली गोष्ट सर्वांत सोपी होती. भोकं पाडलेला एक डबा आणि रेल्वेचं इंजिन एवढ्यावर ती झाली. शेवटची सर्वांत अवघड आहे, कारण तिला काहीच लागत नाही. फक्त काठाशी उभं राहून पाण्यात हात घालायचा, आणि ते फार गरम लागलं तर मागे फिरायचं.